लेकीला इतिहास घ्यायचाय. घेऊ द्यावा का?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली.

लेक चौदा वर्षांची. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे आहेत. एका जागेसाठी इतिहास किंवा संगणक, दोन्ही मिळणार नाहीत. तिला इतिहास हवा आहे. घरात तिच्या बाजूने कोणी नाही. बाबा म्हणतो, "मेलेल्या राजांच्या याद्या पाठ करून काय मिळणार?" आजोबा म्हणतात, मार्क पडत नाहीत. माझं तळ्यात-मळ्यात.

का हवाय विचारलं तर म्हणाली, "त्यात भांडता येतं." आता बोला.

तर प्रश्न असा की शाळेच्या वयात इतिहास मुद्दाम निवडावा असं त्यात काय आहे? 'भूतकाळातून शिकावं' छापाची सुवचनं कृपया नकोत, ती घरात पुरेशी आहेत.

सरळरेघ
इतिहास वाईट नाही हो, पण निवडायचा कशाला? पुस्तकं आहेत, माहितीपट आहेत, पॉडकास्ट आहेत. मी स्वतः चाळिशीनंतर वाचायला लागलो आणि आता सुटत नाही. पण चाळिशीत कोडिंग शिकायला बसलो तेव्हा घाम फुटला. जे उशिरा जड जातं ते लवकर शिकावं, इतका साधा हिशोब आहे. छंद म्हणून इतिहास, विषय म्हणून संगणक.

उनाडवारा
मी इतिहासाच्या बाजूने! इतिहास प्रेरणा देतो. कोलंबसचंच बघा. सगळं जग पृथ्वी सपाट आहे म्हणत होतं, तो एकटा म्हणाला गोल आहे, निघाला आणि सिद्ध करून दाखवलं. अशा गोष्टी मुलांना कळायला नकोत का?

खडूडस्टर
उनाडवारा, राग मानू नका, पण ही गोष्ट खोटी आहे. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे हात शिवशिवले.

पृथ्वी गोल आहे हे शिकलेल्या लोकांना कोलंबसच्या आधी दीड-दोन हजार वर्षांपासून ठाऊक होतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने दोन गावांतल्या सावल्यांच्या फरकावरून पृथ्वीचा घेर काढला होता. वाद गोल-सपाटचा नव्हताच, अंतराचा होता. कॅनरी बेटांपासून जपान सुमारे २,४०० सागरी मैल, असा कोलंबसचा अंदाज. खरं अंतर १०,६०० च्या आसपास. म्हणजे त्याला विरोध करणारे पंडित बरोबर होते आणि तो चुकला होता! मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून वाचला, नाहीतर वाटेतच अन्नपाणी संपून मेला असता. 'सपाट पृथ्वीवाल्यांशी एकटा झुंजला' ही कथा मुख्यतः वॉशिंग्टन आयर्विंग या अमेरिकन लेखकाने १८२८ साली रंगवली आणि ती शाळेच्या पुस्तकांत जाऊन बसली.

सरळरेघ, तुमच्या मुद्द्यावर येतो, पण उद्या. वह्यांचा ढीग आहे.

उनाडवारा
अरे देवा. मी ही गोष्ट माझ्या पोराला दोनदा सांगितली आहे.

अडकित्ता
मास्तरांनी जे केलं ते छान, पण शाळेत हे शिकवतात का? मी इतिहास घेतला होता. दोन वर्षं आम्ही उतरवून घेत होतो. 'कारणे : मुद्दा एक, मुद्दा दोन.' पाच मुद्दे लिहिले की पाच मार्क, सहावा सुचला तरी शून्य. मॅडम फळ्याकडे तोंड करून लिहायच्या, आम्ही वहीत तोंड घालून. एक दिवस मी विचारलं, "ही पाच कारणं, पण यातलं मोठं कोणतं?" उत्तर मिळालं, "परीक्षेत विचारत नाहीत." त्यानंतर मीही काही विचारलं नाही. तेव्हा सांजवेळताई, विषयाचं नाव बघू नका. शाळेत तो शिकवतंय कोण आणि प्रश्नपत्रिका कशी असते ते बघा. वर्षं पाठ असणाऱ्यालाच मार्क मिळणार असतील तर बाबांचं बरोबर आहे.

शेवटचाबाक
अडकित्ता, तुमचा तो प्रश्न हाच खरा विषय आहे हो! मी सध्या कॉलेजात इतिहासच करतोय.

फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं घ्या. महागाई, भूक, रिकामा खजिना, विषमता, नवे विचार. पाचही बरोबर. आता खेळ सुरू. भुकेमुळे क्रांती झाली म्हणता? मग १७७५ सालीही पिठाच्या भावावरून मोठे दंगे झाले होते, तेव्हा राजा का नाही गेला? विषमता म्हणता? ती तर शतकानुशतकं होती. मग १७८९ मध्येच वेगळं काय होतं? खजिना. अमेरिकेच्या युद्धात मदत करून सरकार कर्जात बुडालेलं, महसुलाचा निम्म्याच्या आसपास भाग नुसत्या व्याजात चाललेला. नवे कर बसवायचे तर राजाला एस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक यांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवावी लागली. ती १६१४ नंतर भरलीच नव्हती! म्हणजे दरबाराने स्वतःच्या हाताने लोकांना बोलायला व्यासपीठ दिलं, आणि नेमकी आदल्या उन्हाळ्यात गारपिटीने पिकं झोपलेली, पावाचे भाव चढलेले.

आता सांगा मोठं कारण कोणतं. माझं मत खजिना. माझा रूममेट म्हणतो पाव. आमचं गेले तीन आठवडे चाललंय. ताई, तुमची लेक 'भांडता येतं' म्हणाली ना, तिला विषय कळलाय.

सरळरेघ
वाचायला मजा आली, मान्य. पण हे तुम्ही मोठेपणीच करताय. आणि दुसरं म्हणजे, 'विचार करायला शिकवतो' हा दावा प्रत्येक विषयाचा शिक्षक करतो. गणितवाले करतात, भाषावाले करतात, बुद्धिबळाच्या क्लासची जाहिरातसुद्धा तेच म्हणते. मग इतिहासाचं वेगळेपण काय?

(आणि एक काडी टाकून जातो : घडून गेलेलं घडून गेलं. त्यात आता नवीन काय निघणार?)

उलटतपासणी
व्यवसायाने वकील, म्हणून मला एक वेगळेपण दिसतं. गणितात 'समजा' म्हणून जे दिलं ते खरं धरायचं असतं. इतिहासात 'दिलेलं' हेच संशयित. आमच्याकडेही तसंच. साक्षीदार काय म्हणाला याआधी विचारायचं की तो तिथे होता का, त्याने डोळ्यांनी पाहिलं की ऐकलं, आणि तसं बोलण्यात त्याचा फायदा काय.

माझं आवडतं प्रकरण म्हणजे 'कॉन्स्टंटाइनचं दानपत्र'. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात पश्चिमेकडच्या साम्राज्याची सत्ता पोपला दिली, असं सांगणारा तो दस्त. कित्येक शतकं तो दाखवून हक्क सांगितले जात होते. १४४० मध्ये लोरेंझो व्हाला नावाच्या विद्वानाने तो नुसता नीट वाचला. त्यातली लॅटिन चौथ्या शतकातली नव्हतीच. रोममधल्या अधिकाऱ्यांना 'सत्रप', म्हणजे इराणकडे प्रांताच्या सुभेदाराला म्हणत तो शब्द, वापरलेला होता. तिथे तो शब्द कोण वापरणार? कागद बोलला आणि पकडला गेला. ना प्रयोगशाळा, ना यंत्र.

अडकित्ता
आणि १९८३ च्या हिटलरच्या डायऱ्या? जर्मन साप्ताहिकाने लाखो मार्क मोजले, नामांकित इतिहासकाराने खऱ्या म्हणून शिक्का मारला. मग कागद तपासला तर त्यात युद्धानंतर वापरात आलेलं पांढरं करणारं रसायन. मुखपृष्ठावरची आद्याक्षरंही चुकलेली, 'ए' च्या जागी 'एफ'! तेव्हा इतिहासकार फसत नाहीत असं समजू नका.

उलटतपासणी
कोण म्हणालं फसत नाहीत? फसतात. वकीलही फसतात. त्या डायऱ्यांच्या वेळी घाई होती, गुप्तता होती, सगळे खंड नीट तपासायला मिळाले नव्हते. चूक कशी झाली तेही आज शिकवता येतं.

खडूडस्टर
वह्या संपल्या. सरळरेघ, आता तुमच्याकडे.

आधी काडीचं बघतो. सम्राट अशोकाचे लेख शेकडो वर्षं उघड्यावर होते, वाचता कोणालाच येत नव्हते. कलकत्त्याच्या टांकसाळीत नोकरी करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख शेजारी शेजारी ठेवले. बरेचसे लेख त्याच दोन अक्षरांनी संपत होते. त्याने तर्क केला की इतक्या लोकांनी कठड्यावर एकच गोष्ट लिहिली असेल तर ते 'दानं' असणार. त्या धाग्यावरून १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. पण लेखांतला राजा स्वतःला 'देवानंपिय पियदसि' म्हणवत होता. हा कोण? सिंहलद्वीपाच्या जुन्या पाली ग्रंथांतून कळलं की पियदसि म्हणजे अशोक. आणि लेखातच 'अशोक' हे नाव मिळालं ते १९१५ मध्ये, कर्नाटकातल्या मस्कीला. दोन हजार वर्षांपूर्वी 'घडून गेलेलं', पण आपल्याला कळलं कालपरवा.

आता मोठा मुद्दा. मोठेपणी वाचता येतं, हे खरं. पण तुम्ही काय वाचता? तयार झालेला इतिहास. तो कसा बनतो ते करून बघावं लागतं, आणि आपलं चुकलं तिथे लाल पेन मारणारं कोणी लागतं. पोहण्यावरचं पुस्तक चाळिशीत वाचता येईलच की.

दर वर्षी पहिल्या आठवड्यात मी एक उद्योग करतो. तास चालू असताना एक सहकारी, आधी ठरवून, आत येतात. टेबलावरचं काहीतरी उचलतात, माझ्याशी दोन वाक्यं बोलतात आणि जातात. मी शिकवत राहतो. वीस मिनिटांनी मुलांना सांगतो, "मघाशी काय झालं ते लिहा." गेल्या वर्षी अडतीस कागद आले. सरांनी नकाशा नेला, रजिस्टर नेलं, छत्री नेली. सर चिडले होते, हसत होते, घाईत होते. दोघांनी तर सरांचा शर्टच बदलला. मग सांगितलं, आता या अडतीस कागदांवरून एकच वृत्तान्त तयार करा. जो वर्ग पेंगत होता तो पेटला. 'मी पुढच्या बाकावर होते' विरुद्ध 'तू लिहीत होतीस, मी बघत होतो'. 'तिघांनी छत्री लिहिलंय' – 'पण ते तिघे एकाच बाकावरचे आहेत, एकमेकांचं बघून लिहिलं असेल!' हे वाक्य एका तेरा वर्षांच्या मुलीचं. तीन साक्षी असल्या तरी मूळ एकच असू शकतं, हे मला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला कळलं होतं.

एका मुलाने लिहिलं होतं, "मी पेन उचलायला खाली वाकलो होतो. मी पाहिलं नाही. शेजारचा म्हणतो रजिस्टर." त्याला मी सगळ्यात जास्त मार्क दिले. वर्गात दंगा झाला, त्याने तर काहीच सांगितलं नाही म्हणून. तो दंगा मिटवण्यात पुढचा तास गेला आणि तो माझा वर्षातला सगळ्यात चांगला तास होता.

विज्ञानात शंका आली की प्रयोग पुन्हा करता येतो. इतिहासात सर पुन्हा आत येत नाहीत. हाती फाटके-तुटके कागद, तेही पक्षपाती, आणि तरीही काहीतरी म्हणायचं. किती खात्रीने म्हणायचं ते तोलून म्हणायचं. हे काम दुसऱ्या कोणत्या विषयात मुलांना करावं लागतं, सांगा.

शेवटचाबाक
छत्री होती की रजिस्टर?

खडूडस्टर
दर वर्षी मुलं हेच विचारतात. मी सांगत नाही.

नाडीपरीक्षा
हा धागा वाचून राहवलं नाही. मी डॉक्टर. आम्हाला इतिहास शिकवत नाहीत आणि त्याचा तोटा होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

स्कर्व्ही घ्या. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, दात गळायचे, जुन्या जखमा उघडायच्या. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा रोगी घेतले, दोघा-दोघांना वेगवेगळे उपाय दिले. कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचं पाणी, दोघांना संत्री आणि लिंबं. संत्री-लिंबंवाले आठवड्याच्या आत उठून बसले. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ उजाडलं. पण रोग हटला.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं ऐका. १८६० च्या दशकात नौदलाने भूमध्य समुद्राकडच्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली लाइम, म्हणजे छोटी हिरवी लिंबं, वापरायला सुरुवात केली. तीही आंबट, मग काय फरक पडतो? त्यांत क जीवनसत्त्व बरंच कमी, आणि रस साठवताना उरलंसुरलंही जायचं. पण तोवर वाफेची जहाजं आली होती, प्रवास लहान झाले होते, त्यामुळे औषध निकामी झालंय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. १८७५-७६ च्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्हीने पुन्हा गाठलं. मग विद्वान म्हणू लागले, लिंबाचा काही संबंध नाही, खराब झालेल्या मांसातून विष होतं. हातातलं ज्ञान सुटलं! पुढे १९०७ मध्ये गिनीपिगांवरच्या प्रयोगांतून पुन्हा वाट सापडली आणि क जीवनसत्त्व म्हणजे नेमकं काय हे १९३२ मध्ये पक्कं झालं.

आम्हा विज्ञानवाल्यांना वाटतं, एकदा कळलं की कळलं. नाही. 'काय' लक्षात राहिलं आणि 'का' कधी माहीतच नव्हतं, तर उपायही निसटतो. संगणक शिकणाऱ्या पोरालासुद्धा ही गोष्ट सांगा. जुन्या प्रोग्राममधली एखादी 'निरुपयोगी' ओळ काढून टाकल्यावर काय होतं ते त्याला विचारा.

सरळरेघ
डॉक्टर, ही शेवटची ओळ वर्मी लागली. मागच्याच महिन्यात मी अशी एक ओळ काढली. का लिहिली होती ते लिहिणारा सोडून गेलेला. पुढचं सांगत नाही.

प्रिन्सेपचं कठड्यांचं प्रकरणही आवडलं, तो सरळ पॅटर्न ओळखण्याचा प्रश्न आहे. तरी नोकरीचं काय, हे कोणी बोलत नाही.

खडूडस्टर
बोलतो. 'इतिहासकार' या नावाच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. वकिली, पत्रकारिता, प्रशासन, संग्रहालयं, अभिलेखागारं इथे उपयोग होतो, पण म्हणून चौदाव्या वर्षी हा विषय घ्या असं मी सांगणार नाही. आणि मुलीला संगणकाची मनापासून ओढ असती तर तिला इतिहासाकडे ओढलंही नसतं. इथे उलटं आहे. ओढ इतिहासाची आहे आणि घरचे थांबवताहेत.

उनाडवारा
मग प्रेरणा वगैरे सगळं बाद?

खडूडस्टर
बाद कशाला, मिळाली तर घ्या. फक्त प्रेरणेसाठी विषय घेतला की मग आवडत्या माणसाची चूक दाखवणारा कागद नकोसा होतो. तुम्ही कोलंबसचं खुल्या मनाने ऐकून घेतलंत, सगळे घेत नाहीत.

काजवा
छोटीशी भर. १९१८ च्या साथीला 'स्पॅनिश फ्लू' म्हणतात म्हणून मला कायम वाटायचं ती स्पेनमध्ये सुरू झाली. स्पेन महायुद्धात तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धाची बंधनं नव्हती, त्यांनी बातम्या छापल्या. लढणाऱ्या देशांनी दाबल्या. ज्याने खरं सांगितलं त्याच्याच नावावर रोग!

झणझणीत
हे सगळं ठीक आहे, पण आपल्याकडे इतिहासाची पुस्तकं कोण बदलतं आणि का, यावर कोणी बोलणार का? गेल्या निवडणुकीनंतर

संपादक
वरचा प्रतिसाद अर्धवट ठेवला आहे. त्या विषयावर आधीच चार धागे चालू आहेत, तिथे जावे. इथे विषय निवडीवर बोलूया.

सांजवेळ
बापरे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. अडकित्तांचं ऐकून शाळेतून मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागवल्या. निम्मा भाग 'सनावळ्या लिहा' प्रकारचा आहे, खोटं कशाला सांगू. पण एका प्रश्नात दोन उतारे देऊन 'यातला कोणता जास्त विश्वासार्ह आणि का' असं विचारलंय. लेकीने तो उभ्या उभ्या सोडवला.

पण खरा प्रकार घरात झाला. आमच्याकडे एक जुना फोटो आहे. पणजोबा नव्या घरासमोर उभे, कडेवर बाळ. मागे निळ्या बॉलपेनने '१९५२, घर बांधलं तेव्हा'. ते बाळ म्हणजे आजोबा, हे आम्ही सगळे जन्मभर ऐकत आलोय. मास्तरांचा अडतीस कागदांचा किस्सा वाचल्यावर कन्येने फोटो भिंतीवरून काढला.

"हे अक्षर कोणाचं?" आत्याआजींचं. "त्यांचा जन्म कधीचा?" १९५४. "मग त्यांना १९५२ कोणी सांगितलं?" आजोबा म्हणाले, आमच्या वडिलांनी. "तुमच्यासमोर सांगितलं?" ते गप्प. मग तिने बाळ मोबाईलवर मोठं करून पाहिलं. जेमतेम सहा-सात महिन्यांचं. आजोबांचा जन्म १९४९ चा. म्हणजे साल चुकलंय, किंवा घर आधीच बांधलेलं होतं, "किंवा ते बाळ तुम्ही नाहीच".

जेवायच्या टेबलावर जी शांतता पसरली ती काय सांगू. आजोबा दोन दिवस तिच्याशी तुटक बोलत होते. तिसऱ्या दिवशी माळ्यावरची पत्र्याची पेटी स्वतःच खाली काढली. आता दोघं दुपारभर घराच्या कागदपत्रांत बसलेले असतात. मार्क पडत नाहीत हे वाक्य त्यानंतर ऐकलेलं नाही.

अर्ज काल भरला. इतिहास. संगणक ती सुट्टीत बाबाकडून शिकणार आहे, तसा लेखी करार झालाय, तारखेसकट.

ता. क. नाडीपरीक्षा, तुमच्यासाठी तिचा निरोप आहे : "लिंडने बारा जणांवर प्रयोग केला हे कोणी लिहून ठेवलंय? लिंडनेच ना?"

नाडीपरीक्षा
बाईसाहेबांना सांगा, होय, त्यानेच. प्रयोग १७४७ चा, त्याचा ग्रंथ छापून आला १७५३ मध्ये. सहा वर्षांनी.

दुसरा साक्षीदार शोधतो. वेळ द्या.